वकीलबाईंना विचारा : शेजारचा आंबा आणि मधली भिंत

मे महिन्यात वळीव दोन-तीनदा झोडपून गेला की जूनच्या टपालात झाडं येतात, हा या सदराचा माझा अनुभव. यंदा त्यातली चार पत्रं घेतली आहेत. चारही आपल्या सातारा जिल्ह्यातली. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, कारण शेजारी हे मासिक उसनं नेऊन वाचतात. मी साताऱ्याच्या कोर्टात ३१ वर्षं दिवाणी कामं केली. त्यातली बांधाची, वाटेची आणि भिंतीची वेगळी काढली तर उरलेल्यांवर माझं घर चाललं नसतं.

प्रश्न : आमचं घर शाहूपुरीत आहे. शेजाऱ्यांच्या परड्यात पायरीचं मोठं झाड आहे. त्यांच्या वडिलांनी ते १९७२ च्या दुष्काळात न्हाणीच्या पाण्यावर जगवलं, असं ते अभिमानानं सांगतात. त्याच्या तीन जाड फांद्या कंपाउंडच्या भिंतीवरून आमच्या अंगणात आठ-नऊ फूट आल्या आहेत. पानांनी पन्हळ तुंबते. मागच्या पावसाळ्यात पाणी भिंतीत मुरून मधल्या खोलीला ओल आली. मोहोराच्या दिवसांत गाडीवर चिकट थर बसतो. पूर्वी ते दर वर्षी आंब्यांची पाटी पाठवायचे, गेली दोन वर्षं तीही नाही. आमच्या बाजूच्या फांद्या मी कापल्या तर गुन्हा होतो का? आमच्या अंगणात पडलेले आंबे कुणाचे? (एक निवृत्त बँक कर्मचारी, शाहूपुरी)

उत्तर : आंब्यांपासून सुरुवात करते, कारण ते उत्तर तुम्हाला आवडणार नाही. आंबे त्यांचे. फांदीवर लटकलेले त्यांचे आणि तुमच्या फरशीवर पडलेलेही त्यांचेच. झाडाचं खोड ज्याच्या जमिनीत, त्याचं झाड. फांदी कुठेही गेली तरी तिचं फळ आणि लाकूड मालकाचंच राहतं. पडलेला एखादा आंबा नातवानं खाल्ला म्हणून कुणी कोर्टात जात नाही, गेलं तर न्यायाधीश हसतील. पण शिडी लावून तुम्ही घमेलंभर उतरवलेत तर ते हसणार नाहीत.

आता फांद्या. जमीन तुमची, तशी तिच्यावरची मोकळी जागाही तुमची. तिच्यात घुसलेली फांदी हे अतिक्रमणच, आणि आपल्या हद्दीपुरती ती कापून टाकायचा हक्क शेजाऱ्याला आहे. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, हे १८९४ मध्ये पक्कं केलं आणि आपल्याकडची न्यायालयंही त्याच तत्त्वानं चालत आली. खटल्याचं नाव लेमन विरुद्ध वेब. लॉ कॉलेजात सरांनी हे नाव उच्चारलं की मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास विचारायचं, ‘सर, झाड लिंबाचं होतं का?’ नव्हतं. लेमन हे झाडवाल्याचं आडनाव, आणि तो हरला. फांद्या कितीतरी वर्षं तशाच होत्या, याचा त्याला उपयोग झाला नाही. तुमचे शेजारी उद्या म्हणाले, ‘वीस वर्षं फांदी तिथेच आहे, आता आमचा हक्क झाला,’ तर तसा हक्क होत नाही. वाटेचा होतो, पाण्याचा होतो. दर वर्षी वीतभर पुढे सरकणाऱ्या फांदीचा होत नाही.

इथवर वाचून तुम्ही करवत शोधायला उठला असाल तर खाली बसा.

वर सांगितलेला हक्क शेजाऱ्याविरुद्धचा झाला. शहरातल्या झाडाला स्वतःचा एक कायदा आहे : महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. त्यात ‘झाड तोडणे’ याची व्याख्या मोठी आहे. जाळणं, कापणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं त्यात येतं. झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, मग शेजारच्याचं तर लागतेच. दंडही आहे आणि कैदही. डहाळ्या खुडल्या म्हणून कुणी येत नाही, पण तुमच्या पत्रातल्या ‘तीन जाड फांद्या’ डहाळ्या नव्हेत.

दुसरं, ‘१९७२ च्या दुष्काळात’ हे शब्द तुम्ही ओघात लिहून गेलात. २०२१ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड हेरिटेज वृक्ष ठरलं. असं झाड तोडायची वेळ आलीच, तर त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. तुमच्या शेजाऱ्यांची पायरी त्या रांगेत बसली आहे. छाटणी होऊ शकते, मात्र अर्ज करून आणि पाहणी होऊन.

अर्ज कुठे? शाहूपुरीतली मंडळी अजूनही ग्रामपंचायत म्हणतात म्हणून सांगते : २०२० च्या हद्दवाढीत शाहूपुरी सातारा नगरपालिकेत आली, तेव्हा अर्ज नगरपालिकेत. झाडाची जात, अंदाजे वय, कुठली फांदी किती पुढे आली आहे, आणि फोटो. तुंबलेल्या पन्हळीचा एक आणि ओल आलेल्या भिंतीचा एक फोटो जरूर जोडा. ‘पानांचा फार त्रास होतो’ हे वाक्य रोज दहा अर्जांत येतं. भिंतीवरचा पोपडा दिसला की पाहणीला माणूस लवकर येतो. शेजाऱ्यांची सही त्याच अर्जावर मिळाली तर उत्तमच, आणि ती मिळवायची कशी ते पुढे सांगते.

आधी छाटणीचं. हे कायद्याच्या बाहेरचं आहे, पण निम्मी भांडणं फांदी कापली म्हणून होत नाहीत, ती वाईट कापली म्हणून होतात. आंब्याची छाटणी फळं उतरल्यावर करायची. पायरी मेअखेर ते जूनपर्यंत आटोपते. मग पावसानं चार दिवस उघडीप दिली की काम उरकायचं. दिवाळीनंतर आंब्याला हात लावायचा नाही, त्या फांद्यांना पुढे मोहोर यायचा असतो. मोहोरावर आलेली फांदी तुम्ही पाडलीत, तर शेजारी ती तुमच्या फाटकात आणून टाकतील आणि मी त्यांना दोष देणार नाही.

जाड फांदी वरून एकदम कापत गेलं की अर्ध्यात आल्यावर ती आपल्याच वजनानं मोडते आणि जाताना खोडाची साल हातभर सोलून नेते. ते सोललेलं खोड मी एका दाव्यात पुरावा म्हणून पाहिलं आहे, आठवलं तरी कसंतरी होतं. म्हणून खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून एक तृतीयांश काप घ्यायचा. मग त्याच्या जरा पुढे वरून कापायचं, म्हणजे फांदी साल न ओढता सुटते. उरलेलं ठूठ शेवटी हलक्या हातानं काढायचं. फांदी जिथे खोडातून फुगून निघते ती गोल वळी तशीच ठेवायची, कारण जखम तिथूनच भरते. कापल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप : एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. एका झाडाला तांब्याभर पुरते, त्याच प्रमाणात थोडीच करा. तिकडे तासगावला द्राक्षाची बाग असलेला कुणी ओळखीचा असेल तर तो हे झोपेतही सांगेल. तिन्ही फांद्या एकाच वर्षी काढू नका. एकाच अंगानं बोडका केलेला आंबा दुसऱ्या अंगाला कलतो, आणि दुसऱ्या अंगाला त्यांचं घर आहे. यंदा एक किंवा दीड, उरलेली पुढल्या वर्षी.

गाडीवरचा चिकटा मात्र झाडाचा नाही. मोहोरावरच्या तुडतुड्यांची ती विष्ठा असते, तिच्यावर पुढे काळी कोळशी चढते. पावडरीनं गाडी पुसत बसण्यापेक्षा त्या दीड महिन्यात ती आठ फूट मागे लावा.

आता सही. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पन्हळ तुंबली ती मागच्या पावसाळ्यात. पाटी बंद झाली ती त्याच्याही आधी, दोन वर्षांपूर्वी. झाड त्यापूर्वी ४५-५० वर्षं तिथेच होतं आणि पानंही पडतच होती. पाटी का थांबली, हे तुम्ही कधी विचारलंत का? आमच्याकडे एका कामात तीन तारखांनंतर कळलं होतं, की समोरच्यांच्या घरी मुलाच्या लग्नाला आमच्या पक्षकाराला बोलावणं तोंडी दिलं होतं आणि पत्रिका विसरली होती. दाव्यात लिहिलं होतं नाल्याबद्दल. तुम्ही एकदा संध्याकाळी जा. पन्हळीचा फोटो खिशात असू द्या, पण काढू नका लगेच. छाटणीचा खर्च निम्मा मी देतो आणि लाकूड तुमच्या दारात रचून देतो, एवढं आपणहून म्हणा. लाकूड तसंही कायद्यानं त्यांचंच आहे, तेव्हा तुमचं काही जात नाही.

त्यांनी दारच उघडलं नाही, तर मात्र चार ओळींचं साधं पत्र स्पीड पोस्टानं, पोहोचपावती जपून, आणि मग नगरपालिका. दिवाणी न्यायालयात आज्ञार्थी मनाईहुकूम, म्हणजे ‘फांदी काढा’ असा कोर्टाचा आदेश, मागता येतो, १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याचं ३९ वं कलम त्यासाठीच आहे. पण त्याचा निकाल येईपर्यंत फांदी तुमच्या स्वयंपाकघराशी पोहोचलेली असेल.

माझंही सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की वकीलबाई नुसत्या उंचावरून बोलतात. आमच्या मागच्या दाराशी शेवगा होता. त्याची एक फांदी शेजारच्या काकूंच्या गॅलरीवर गेलेली. पाऊस सुरू झाला की शेवग्याच्या खोडावर सुरवंटांचे पुंजके बसतात, घोंगडीचा तुकडा चिकटवल्यासारखे. एका ऑगस्टमध्ये त्यांच्या नातवाचा शाळेचा शर्ट दोरीवर वाळत होता. सकाळी पोरानं तो घातला आणि दहा मिनिटांत पाठभर गांध्या. काकू आल्या. मी म्हटलं, ‘काकू, तुमच्या बाजूची फांदी तुम्ही कापू शकता, कायद्यानं तुम्हाला अधिकार आहे.’ काकू म्हणाल्या, ‘कायदा ठेव तुझ्याकडं. कोयता दे.’ कोयताही आमच्याकडे नव्हता. शेवटी ह्यांनी काठीला रॉकेलचा बोळा बांधून पुंजके शेकले, आणि फांदी काकूंच्या मुलानं त्यांच्याच कोयत्यानं काढली. शेंगांची जुडी पुढे दर आठवड्याला जात राहिली. ते काही माझ्या वकिलीमुळे झालं नाही.

प्रश्न : माझी जमीन कोरेगाव तालुक्यात. बांधावर जुनी चिंच आहे. चुलतभाऊ म्हणतो चिंच त्याची. तिच्या सावलीत माझा घेवडा दोन सऱ्या येतच नाही. चिंच काढून टाकायला तो तयार नाही. गावात काही जण म्हणतात, खोडाला भोक पाडून हिंग भरला की झाड आपसूक वाळतं. तसं केलं तर कुणाला कळतं का? (एक शेतकरी. पत्र मुलीकडून लिहून घेतले आहे.)

उत्तर : दादा, कळतं. तुमच्या मुलीला आत्ताच कळलं आहे.

हिंगानं चिंच मरते की नाही या वादात मी पडत नाही. पण उभं वाळलेलं झाड हे जिवंत झाडापेक्षा वाईट. त्याच्या फांद्या वारा नसताना पडतात, आणि बांधावर खाली माणसं जेवायला बसतात. ते तुम्ही मारलंत हे सिद्ध झालं तर नुकसानभरपाई तुमच्याकडून, आणि भावकीत पुढच्या दोन पिढ्या बोलणं बंद.

आधी चिंच कुणाची ते ठरवा. ‘बांधावर’ या शब्दाला कोर्टात अर्थ नाही. खोड तुमच्या गटात आहे, त्याच्या गटात आहे की बरोबर हद्दीवर, हे मोजणी झाल्याशिवाय देवही सांगणार नाही. कोरेगावच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा आणि मोजणीच्या दिवशी चुलतभावाला बोलवा. मोजणीदारानं खुणा दाखवल्या की त्या दोघांनी मिळून पक्क्या करा. सातबाऱ्यावर झाडाची नोंद आहे का तेही पाहा. हल्ली ई-पीक पाहणीत बांधावरची झाडं आपल्याला मोबाइलवरून नोंदवता येतात. पण त्या नोंदीनं मालकी ठरत नाही, मोजणीपुढे ती दुय्यम. खोड हद्दीवरच निघालं तर चिंच दोघांची. मग एकट्याला ती तोडता येत नाही, आणि चिंचा निम्म्या तुमच्या. त्या तुम्ही आजवर मागितल्या नसतील.

तोडायची म्हटलं तरी खेड्यात मोकळीक आहे असं नाही. तिथे १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा लागतो आणि त्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, साग यांच्याबरोबर चिंचही आहे. त्यामुळे परवानगी घ्यावीच लागते. नुसत्या सावलीविरुद्ध दावा टिकणं अवघड. फांद्या तुमच्या सऱ्यांवर आल्या असतील तर हद्दीपर्यंत त्या काढून घ्यायला सांगता येतं. माझा व्यवहारी सल्ला असा, की खालच्या फांद्या काढून झाड उंच करा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन आत येतं. त्या दोन सऱ्यांत आळू किंवा हळद लावून पाहा. दोन्ही थोड्या सावलीत कुरकुरत नाहीत. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे हे खरं, पण चिंचेखाली तोही येणार नाही.

गावातली तंटामुक्त समिती अजून बसते का? तासगावचे आर. आर. आबा गृहमंत्री असताना २००७ साली ती मोहीम सुरू झाली. काही गावांत आता नुसता फलक उरला आहे. पण जिथे समिती बसते तिथे असल्या चिंचा एका दुपारी मिटलेल्या मी पाहिल्या आहेत.

प्रश्न : आम्ही कराडला भाड्याने राहतो. मागच्या बंगल्यातला नारळ आमच्या न्हाणीवर झुकला आहे. वळवात दोन नारळ पत्रा फोडून आत आले. मी पाचच मिनिटांपूर्वी मुलाला अंघोळ घालून बाहेर आले होते. बंगल्याच्या मालकीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणतात, ‘देवाची करणी आणि नारळात पाणी. वाऱ्याला आम्ही काय करणार?’ (एक गृहिणी, कराड)

उत्तर : बाई, आधी त्या न्हाणीत मुलाला नेणं थांबवा. आजपासून.

म्हण छान आहे, पण कायद्यात ‘देवाची करणी’ ही मर्यादित जागा आहे. कधी नव्हे असं वादळ येऊन धडधाकट झाड उन्मळलं तर ती देवाची करणी. पिकलेला नारळ खाली पडतो हे मात्र सगळ्या जगाला ठाऊक आहे, त्यासाठी वादळ लागत नाही. झाड दुसऱ्याच्या छपरावर झुकलंय हे दिसत असून ज्यानं नारळ वेळेवर उतरवले नाहीत, तो निष्काळजी. आणि एकदा पत्रा फुटल्यावर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं म्हणायचीही सोय उरली नाही.

तर आजच लेखी द्या. तारीख, वेळ, फुटलेल्या पत्र्याचा आणि नारळाचा फोटो, नवीन पत्र्याचं बिल. दोन नारळ फोडून खाऊ नका, पुरावा म्हणून ठेवा. शिवाय ते त्यांचे आहेत. पत्राची एक प्रत तुमच्या घरमालकाला, कारण पत्रा त्यांचा. एक प्रत नगरपालिकेला. खोडच कलत चाललं असेल, बुंध्याशी माती उचललेली दिसत असेल, तर प्रांत कार्यालयात अर्ज करा. पडून इजा होईल अशा अवस्थेतलं झाड काढायला किंवा त्याला आधार द्यायला प्रांत कार्यकारी दंडाधिकारी म्हणून मालकाला आदेश देऊ शकतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १५२. झावळी विजेच्या तारेला लागत असेल तर काठीनं ढकलू नका, महावितरणच्या १९१२ वर फोन करा.

पैशाचं बोलायचं तर पत्रा आणि मजुरी एवढ्यासाठी दावा लावू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण, म्हणजे दावा लावण्याआधीचं प्रकरण, म्हणून द्या, ते लोकअदालतीत ठेवतात. स्त्रियांना तिथे उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नाही, त्यामुळे सही करताना ‘दर तीन महिन्यांनी नारळ उतरवून घेईन’ ही ओळ त्यात आहे ना, ते बघा. पत्र्यापेक्षा ती ओळ महत्त्वाची.

प्रश्न : आमच्या आणि शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीत उंबर उगवला आहे, हातभर झाला. शेजारी म्हणतात काढा, भिंत फुटेल. सासूबाई म्हणतात, औदुंबराला हात लावायचा नाही. (वाई)

उत्तर : शेजारी बरोबर आहेत. उंबर पक्ष्यांच्या विष्ठेतून भिंतीत येतो आणि त्याची मुळं चुन्यात, विटेत घुसून भेग रुंदावत नेतात. आज हातभर आहे तोवर चार विटा काढून निघेल, दोन पावसाळ्यांनी भिंतच काढावी लागेल. सासूबाईही चूक नाहीत, तेव्हा तोडू नका, काढा. पाऊस चांगला लागला की गवंड्याला बोलावून मुळासकट सोडवा, मुळांना ओलं पोतं गुंडाळा आणि त्याच दिवशी नदीकडच्या एखाद्या मोकळ्या जागी लावा. जागा सासूबाईंना निवडू द्या, खड्डा शेजाऱ्यांना खणू द्या. पहिला तांब्या कुणी घालायचा यावरून भांडण झालं तर मला कळवा.